घाम न येणारं गाव

मे महिन्यात जैसलमेरला शहाणा माणूस जात नाही, हे मला निघायच्या आधीच सगळ्यांनी सांगितलं होतं. शेजारणीने सांगितलं, शाळेतल्या शिपायाने सांगितलं. तिकिटं काढून देणाऱ्या एजंटनेसुद्धा महिना नक्की हाच ना, असं दोनदा विचारलं. पण आमच्याकडे दुसरा महिनाच नव्हता. मी भांडुपच्या एका शाळेच्या ऑफिसात काम करते. मला आणि मुलीला एकत्र मोकळीक मिळते ती मेमध्येच. आणि माझा धाकटा दीर जैसलमेरला पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करतो. उन्हाळा ते पाऊस हे त्यांचे वाऱ्याचे दिवस. तेव्हा चक्की बंद पडून चालत नाही, म्हणून त्या महिन्यांत कुणाला गाव सोडू देत नाहीत. त्याला येता येत नव्हतं, आम्हाला जाता येत होतं. नवऱ्याला रजा मिळाली नाही. तेव्हा सासू, सासरे, आठवीतली मुलगी आणि मी असे चौघे निघालो.

जाण्यामागे आणखी एक गोष्ट होती, ती फक्त मला माहीत होती. दिराची तिथली नेमणूक दोन वर्षांची होती, ती संपत आली होती. आता मुंबईच्या ऑफिसात परत ये, नाहीतर इथेच कायमचा राहा आणि जबाबदारीची जागा घे, असं त्याला विचारलं होतं. त्याने राहायचं ठरवलं होतं. इकडे घरी सासूबाई दोन वर्षं एकच वाक्य बोलत होत्या, "तो आला की." तो आला की रंग काढू. तो आला की मुली बघू. मागच्या खोलीतलं कपाट त्यांनी त्याच्यासाठी रिकामं करून पुसून ठेवलं होतं.

दिराचा मला फोन आला तेव्हा मी ऑफिसातून घरी चालले होते. म्हणाला, "वहिनी, तू काही बोलू नकोस. आधी बाबांना सगळं दाखवतो. त्यांना आवडलं की मीच सांगतो."

मी म्हटलं, किल्ला बघून बाबा बधतील असं वाटतंय का तुला. तर म्हणाला, "बघूया ना." मुंबईचा माणूस काही सुचत नसलं की बघूया ना म्हणतो.

तो स्टेशनवर आला होता तो मित्राची गाडी घेऊन. काळवंडला होता, पण तब्येत चांगली होती. गावात, पण जरा कडेला, पिवळ्या दगडाच्या घरात खाली घरमालकीण राहायची आणि वर दोन खोल्यांत हा. बोलावणं आलं तर धावत जायचं, या अटीवर त्याने चार दिवस मोकळे करून घेतले होते आणि प्रत्येक दिवशी कुठे जायचं ते ठरवून ठेवलं होतं. पहिल्या रात्री जेवताना म्हणाला की इथे लोक पहाटे बाहेर पडतात, ऊन चढायच्या आत घरी येतात, दुपारभर झोपतात आणि परत संध्याकाळी निघतात. आपणही तसंच करू.

सासऱ्यांनी मान हलवली नाही. ते मिलमध्ये कताई खात्यात होते, मिल बंद पडल्यावर मुलुंडच्या एका सोसायटीत वॉचमन होते. त्यांचं म्हणणं, आयुष्यभर पहाटे उठलो, आता सुट्टीतही उठू काय. सासूबाईंचं वेगळं होतं. आंघोळ, देवाचा दिवा, चहा, नाश्ता आणि दुपारचा डबा झाल्याशिवाय त्या घराबाहेर पडत नाहीत. आणि खरं सांगायचं तर मलाही पटलं नाही. आमच्या घरी फिरायला जायचं म्हणजे सकाळी डबा घेऊन निघायचं आणि संध्याकाळी दमून परत यायचं. नॅशनल पार्क असो, गोराई असो, हीच पद्धत. इतक्या लांब येऊन दुपारभर झोपायचं म्हणजे घरी काय वाईट होतं?

दिराने लगेच माघार घेतली. तिथल्या कामावर तो माणसं सांभाळत होता, पण बापासमोर त्याचा आवाज अजून दहावीतल्या मुलाचा होता.

पहिल्या दिवशी आम्ही किल्ल्यावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दुकानदार दारं ओढून घेत होते आणि आमच्याकडे बघत होते. पण मजा अशी की आम्हाला त्रास होत नव्हता, निदान तसं वाटत होतं. भांडुपला मेमध्ये भाजी आणायला खाली उतरलं तरी ब्लाउज पाठीला चिकटतो. इथे भट्टीसारखी हवा, पण अंग कोरडं. सासऱ्यांच्या खांद्यावर कायम नॅपकिन असतो. तो त्यांनी कपाळावरून फिरवला आणि आम्हाला उलटून दाखवला. टिपूस नव्हता.

"घामच नाही रे इथे," ते म्हणाले. मुलाच्या गावाबद्दल ते पहिलं चांगलं वाक्य. दिराचा चेहरा उजळला. लगेच सांगायला लागला, बाबा, हवा कोरडी, आईचे गुडघे इथे अजिबात दुखणार नाहीत. रस्त्यावर गर्दी नाही. माझ्या घरापासून कामाची गाडी सुटते ती जागा चालत पाच मिनिटांवर.

"मासे मिळतात?"

"नाही बाबा."

"हं."

मुलगी मला हळूच म्हणाली, "काका गाईड झालाय की घर विकतोय?" मी तिला गप्प केलं. पण ती बरोबर होती. प्रत्येक कमानीपाशी तो बापाचं तोंड बघत होता. कमान आम्ही बघत होतो.

देवळात जाताना चपला बाहेर काढाव्या लागल्या. बाहेर आल्यावर फरशी इतकी तापलेली की सासूबाई दोन पावलं चालल्या आणि तिथेच थिजल्या. दिराने चपला धावत आणून दिल्या. संध्याकाळी त्यांच्या तळव्यांना मी तूप लावलं. त्या म्हणाल्या, देवळात पाय भाजले, पुण्य लागेल.

पाण्याचं सांगायला हवं. सासऱ्यांचा मिलमधला नियम होता, घाम आला की पाणी प्यायचं. सूत तुटू नये म्हणून कताई खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवत. पाळी सुटल्यावर ते गंजी पिळायचे तर पाणी निघायचं. घाम किती गेला त्या हिशेबाने पाणी, असं त्यांच्या अंगात बसलेलं. इथे घाम नाही, म्हणून पाणी नाही. आणि सासूबाईंचा नियम त्याहून जुना. एसटीने गावाला, कुडाळकडे जायचं तर त्या आदल्या रात्रीपासून पाणी कमी करतात. वाटेत बाई माणसाने कुठे जायचं? प्रवासाला निघालं की त्यांचा घसाच कोरडा राहतो. माझंही थोडंफार तसंच आहे, आमच्या पिढीपर्यंत सगळ्याच बायकांचं असेल. दीर बाटल्या भरभरून द्यायचा, आम्ही त्या पिशवीत घालून फिरवायचो.

दुसऱ्या दिवशी तळं बघितलं. तिसऱ्या दिवशी त्याने आम्हाला गावाबाहेर, एका ओसाड गावात नेलं. तिथे बघायला बरेच लोक जातात, पण त्या दुपारी आमच्याशिवाय कोणी नव्हतं. पिवळ्या दगडाच्या भिंती, सरळ गल्ल्या, घरांना छपरं नाहीत. दिराने गोष्ट सांगितली. फार पूर्वी इथली सगळी माणसं एका रात्रीत गाव सोडून गेली म्हणतात, परत कुणी आलं नाही.

सासूबाई एका घराच्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. "सगळी? म्हातारी माणसं पण?"

"सगळी गेली म्हणतात, आई."

"म्हातारी चालली असतील एका रात्रीत?"

तो म्हणाला, बैलगाड्या असतील. सासूबाई म्हणाल्या, मग चुली तरी विझवून गेल्या असतील का बायका. मुलगी फोटो काढत होती. सासरे पुढे गेले होते, एका घरात शिरताना मला त्यांची पाठ दिसली होती. थोड्या वेळाने हाक मारली तर ओ नाही.

ते आतल्या भिंतीला टेकून बसले होते. नॅपकिन खांद्यावर, कोरडा. चेहरा लाल नव्हता, राखेसारखा झाला होता. मी हात लावला तर अंग तव्यासारखं. दीर खाली बसून "बाबा, बाबा" करायला लागला. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, पण तो कोण हे कळलेलं दिसलं नाही.

"भोंगो झालो काय?" त्यांनी विचारलं.

मिलचा भोंगा. पाळी सुरू झाली का, असं ते विचारत होते. मिल बंद पडली तेव्हा माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं.

सासूबाई माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांनी माझा दंड पकडला तो इतका जोरात की नंतर तिथे निळं झालं. आणि तेवढ्या वेळात दीर बदलला. एकदम, माझ्या डोळ्यांदेखत. बापाला त्याने खांद्यावर घेतलं आणि गाडीकडे निघाला, आम्हाला काय करायचं ते चालता चालता सांगत. वहिनी, पाणी ओत डोक्यावर, मानेवर, काखेत. नॅपकिन भिजव, वारा घाल. तोंडात ओतू नकोस, ठसका लागेल. मुलीला सांगितलं, पुढे बस आणि दवाखान्याच्या या नंबरला फोन लाव. सासूबाईंची बाटली सकाळी भरली तशी होती, घोटभरही कमी झालेली नव्हती. ती मी सगळी सासऱ्यांच्या अंगावर ओतली.

दवाखाना त्याच्या ओळखीचा होता. कामावरच्या माणसांना ऊन लागलं की इथेच आणायचे. डॉक्टरांनी सासऱ्यांना सलाइन लावलं, ओल्या चादरी घातल्या आणि शेवटची लघवी कधी झाली असं विचारलं. आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. मग त्यांनी सासूबाईंचे ओठ बघितले आणि त्यांनाही खुर्चीत बसवून तांब्याभर पाणी प्यायला लावलं. त्या म्हणायला लागल्या, नको हो, परत जायचंय लांब. डॉक्टरांनी आतल्या दाराकडे बोट दाखवलं आणि हिंदीत सांगितलं, स्वच्छ आहे, हवं तितक्या वेळा जा. सासूबाई खरोखरच आधी बघून आल्या, मग प्यायल्या.

संध्याकाळपर्यंत सासरे आम्हाला ओळखायला लागले. "माका काय जावक नाय," म्हणाले. म्हणजे, मला काही झालेलं नाही. मालवणी बाहेर आली म्हणजे माणूस घाबरलेला आहे, हे मला इतक्या वर्षांत कळतं. रात्री त्यांना घरी आणलं. खालच्या घरमालकिणीने ताकाचं भांडं वर पाठवलं नाही, स्वतः घेऊन आली. जिरं आणि मीठ घातलेलं पातळ ताक. आणि आमच्या समोरच तिने दिराला झापलं. तिची भाषा मला अर्धी कळली, पण अर्धी पुरे होती. म्हाताऱ्या माणसांना भर दुपारी बाहेर नेतोस, अक्कल कुठे ठेवलीस. तो मान खाली घालून ऐकत होता. चूक आमची होती, हे त्याने सांगितलं नाही. मीच मग हिंदीत सांगितलं. तर तिने मलाही एक वाक्य ऐकवलं, ते मी इथे लिहीत नाही.

चौथ्या दिवशी कुठे जायचं नव्हतं. दुपारी दारं बंद, कूलर चालू. तिकडे कूलरची हवा खरी गार लागते, भांडुपला तो नुसता ओल आणतो. मुलगी आणि सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. मी बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून लिंबं पिळत होते. दीर बापाला चमच्याने मीठ-साखरेचं पाणी देत होता. सासरे मुकाट्याने पीत होते. नंतर त्यांनी भांडं त्याच्या हातातून घेतलं आणि स्वतः प्यायले.

मग ते बोलले, आणि मालवणीत नाही. सोसायटीतल्या लोकांशी बोलायचे तशा नीट मराठीत. मी तिथेच आहे हे त्यांना माहीत होतं.

"तू येणार नाहीयेस ना परत?"

दीर माझ्याकडे बघायला लागला. मी लिंबाकडे बघितलं.

"बाबा, मी सांगणारच होतो. अजून दोन वर्षं फार तर. मग..."

"ते दोन वर्षांचं बोलू नकोस." सासऱ्यांनी भांडं खाली ठेवलं. "मी पण माझ्या आईला तेच सांगून मुंबईला आलो होतो. दोन वर्षं मिलमध्ये काढतो, मग येतो, शेती बघतो. खोटं नव्हतो बोललो, मला तसंच वाटत होतं. ती मरेपर्यंत विचारत राहिली, औंदा येशील ना रे कायमचा. दर गणपतीला मी हो म्हणायचो."

कूलरचा आवाज येत होता. दीर रिकामं भांडं हातात फिरवत होता.

"राहायचं तर राहा. काम चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, ते काल कळलं मला. पण तुझ्या आईला तारीख देऊ नकोस. तारीख दिली की ती मोजत बसेल. राहतो म्हणून सरळ सांग. आत्ता जा, उठव तिला."

सासूबाई झोपलेल्या नव्हत्या. दारात येऊन उभ्या होत्या. दीर उठला, त्यांच्यासमोर गेला आणि म्हणाला, "आई, मी इथेच राहणार आहे." एवढंच. बाकीचं, पगार, पद, हवा, गुडघे, चार दिवस पाठ करून ठेवलेलं सगळं तो विसरला.

सासूबाईंनी त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"निघायच्या आधीपासून."

"बरं," म्हणाल्या आणि आत गेल्या. दीर मागे जायला लागला तर सासऱ्यांनी त्याला हाताने थांबवलं. तासाभराने त्या बाहेर आल्या, चहा केला, सगळ्यांना दिला, मलाही. पण मुंबईला पोचून आठ दिवस होईपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. मी समजावायला गेले नाही. राग यायलाच हवा होता, आणि तो मुलावर काढण्यापेक्षा सुनेवर काढणं सोपं.

त्या संध्याकाळी दीर म्हणाला, उद्या निघायच्या आधी वाळूच्या टेकड्या तरी बघू, उंटावर बसायचं राहिलंय. मुलगी तयारच होती. सासूबाई म्हणाल्या, "उंट नको. तू रोज जातोस तिथे ने."

पहाटे निघालो. आंघोळी नाहीत, डबा नाही, देवाला दिवा मात्र झाला. सासरे पुढच्या सीटवर, मांडीवर पाण्याची बाटली धरून. उजाडता उजाडता पवनचक्क्या दिसायला लागल्या. लांबून ओळीने उभ्या, पाती फिरतायत. मुलीने तोंड उघडलं ते बराच वेळ मिटलं नाही. जवळ गेल्यावर कळतं किती उंच आहेत. पातं खाली येताना दर वेळी सुस्कारा सोडल्यासारखा आवाज येतो. हवा गार होती. आम्ही आल्यापासून बाहेरची गार हवा पहिल्यांदा लागली, ती तिथे रोज सकाळी होतीच.

सासरे गाडीत बसून राहिले, दार उघडं टाकून. सासूबाई दिराबरोबर थेट खांबापर्यंत गेल्या. खाली लोखंडी दार होतं. आत बघू दे म्हणाल्या. आत सरळ वर जाणारी शिडी होती. त्यांनी मान मागे टाकून बघितलं आणि पदर सावरला.

"इथून चढतोस?"

"हो. पट्टा असतो कमरेला, दोरीला अडकवायचा. वारा फार असला की चढत नाही, थांबतो."

"दोरी कोण बांधतो?"

"मीच."

"आणि बघतो कोण, नीट बांधलीस का?"

"जोडीदार असतो आई. एकट्याला चढूच देत नाहीत. तो माझी बघतो, मी त्याची."

मग त्यांनी जोडीदाराची सगळी चौकशी केली. कुठल्या गावचा, लग्न झालंय का, दारू पितो का. दीर सांगत होता. शेवटी त्यांनी विचारलं, "त्याच्या आईने बघितलंय हे?"

"नाही."

"बघू दे तिला पण," म्हणाल्या, आणि परत फिरल्या. गाडीपाशी येऊन त्यांनी सासऱ्यांना सांगितलं, शिडी चांगली आहे, मजबूत आहे. तेवढ्यात ऊन अंगावर यायला लागलं. निघा आता, असं त्याच म्हणाल्या.

दीर त्या वर्षी गणपतीला आला, दीड दिवसासाठी. आरती झाली, मासे दुसऱ्या दिवशी खाल्ले, गेला. मागच्या वर्षी आला नाही. गणपती वाऱ्याच्या दिवसांतच येतो, त्याला कोण काय करणार. कपाटात आता माझ्या मुलीची पुस्तकं आहेत, सासूबाईंनी स्वतः लावून दिली. येणार का, असं त्या फोनवर विचारत नाहीत. जेवलास का विचारतात, जोडीदार कसा आहे विचारतात.

सासरे आधी फोन घेतात. मागच्या वर्षी मूर्ती आणली त्या सकाळीही त्यांनीच घेतला. घरात ढोलकी, मुलांचा गोंधळ, त्यांना नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून ते गॅलरीत गेले. मी तिथे वाळत घातलेले कपडे काढत होते.

"वारा कसा आहे रे?" त्यांनी विचारलं.

पलीकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही.

"जोरात आहे? मग थांब. आज चढू नका," सासरे म्हणाले, आणि फोन घेऊन आत सासूबाईंकडे गेले.